ब्येर्तानची शिरगणती

२९ डिसेंबर १९३०. ऐन हिवाळ्यात रोमानियाभर शिरगणती झाली. ट्रान्सिल्व्हेनियातल्या ब्येर्तान गावात त्या मोजणीत २,३३१ माणसं भरली. त्यातली १,२२८ सॅक्सन होती, म्हणजे सुमारे सातशे वर्षांपूर्वी तिथे येऊन वसलेल्या जर्मनभाषकांचे वंशज. आज ब्येर्तानची लोकसंख्या अडीच हजारांच्या आसपास आहे. दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडले तर वाटेल, नव्वद वर्षांत गाव जागचं हललं नाही. थोडे जन्मले, थोडे गेले, हिशेब जुळला.

प्रत्यक्षात या काळात निम्मं गाव उठून गेलं. त्या १,२२८ जणांच्या वंशातले आज गावात मूठभर उरलेत. बाकीचे जर्मनीत आहेत आणि त्यांच्या घरांत दुसरीच कुटुंबं नांदताहेत.

असल्या आकड्यांच्या वाटेला गेलं की एक सवय लावून घ्यावी लागते. मोजायला कोण आलं होतं आणि त्याला काय हवं होतं, हे आधी विचारायचं. कर हवा होता, शिपाई हवे होते, मतं हवी होती, की नको असलेली माणसं वेगळी काढायची होती? ब्येर्तानपुरता हा प्रश्न साडेसातशे वर्षं मागे नेता येतो. त्यासाठी हे गाव फार सोयीचं आहे, कारण इथे लिहून ठेवणारी माणसं राहत होती.

आधी कोम्यून म्हणजे काय

कम्यून म्हटलं की आपल्याला लगेच लाल झेंडा आठवतो. रोमानियातल्या ‘कोमुना’चा, म्हणजे इथे ज्याला कोम्यून म्हणू त्याचा, त्याच्याशी संबंध नाही. हा शब्द कम्युनिस्टांच्या आधीचा आहे. आलेक्सांद्रू योआन कूझा या राजाच्या काळात, १८६४ साली, तेव्हाच्या रोमानियात पहिला ग्रामव्यवस्थेचा कायदा झाला आणि कोम्यून हा राज्यकारभाराचा सर्वांत खालचा घटक ठरला. ट्रान्सिल्व्हेनिया त्या वेळी रोमानियात नव्हताच, तो व्हिएन्नाच्या सम्राटाच्या ताब्यात होता. तिथे ही पद्धत पहिल्या महायुद्धानंतर, १९२५च्या कायद्याने लागू झाली.

आजची रचना साधी आहे. देशात ४१ जिल्हे आणि राजधानी बुखारेस्ट वेगळी. जिल्ह्यात मोठी शहरं, छोटी शहरं आणि कोम्यून. असे कोम्यून २,८००च्या वर आहेत. एका कोम्यूनमध्ये बहुधा अनेक गावं असतात, त्यातलं एक मुख्य आणि त्याचंच नाव साऱ्या कोम्यूनला. आपल्याकडची गट ग्रामपंचायत डोळ्यांसमोर आणली तर फारसं चुकणार नाही. ‘प्रिमार’ म्हणजे सरपंच, तो थेट लोकांतून चार वर्षांसाठी निवडून येतो. कोम्यूनच्या पंचायतीची सदस्यसंख्या वस्तीवर ठरते. दीड ते तीन हजार वस्तीला ११ सदस्य.

ब्येर्तान कोम्यूनमध्ये तीन गावं आहेत: ब्येर्तान, कोप्शा मारे आणि रिकिश. जिल्हा सिबियू. मेदियाश आणि सिगिशोआरा ही दोन जुनी शहरं, त्यांच्या मधल्या टेकड्यांत, हमरस्ता सोडून आत वळलं की ही गावं लागतात. प्रत्येकाला किमान तीन नावं. रोमानियनमध्ये ब्येर्तान, जर्मनमध्ये बिर्थेल्म, हंगेरियनमध्ये बेरेतहालोम. नकाशा कुठल्या सालचा आणि कुणी छापलेला, त्यावर गावाचं नाव अवलंबून.

पहिली मेख इथेच आहे. १९३०चे २,३३१ एकट्या ब्येर्तान गावचे होते, आजचे अडीच हजार तीन गावांचे मिळून. म्हणजे वर जे ‘जागचं हललं नाही’ वाटलं, ते मुळातच चुकीच्या तुलनेतून. १९५०मध्ये सोव्हिएत धर्तीवर आणि १९६८मध्ये पुन्हा जुन्या धर्तीवर देशाचे नकाशे आखले गेले. त्या धामधुमीत कुठलं गाव कुठल्या कोम्यूनला जोडलं हे ठिकठिकाणी बदललं. रोमानियातल्या कुठल्याही कोम्यूनची जुनी लोकसंख्या वाचताना हद्द तपासून घ्यावी, नाहीतर वजाबाकी करून नको ते निष्कर्ष निघतात.

कराच्या कागदात पहिलं नाव

ब्येर्तानचं नाव लेखी स्वरूपात पहिल्यांदा दिसतं ते १२८३ साली, आसपासच्या काही गावांच्या करासंबंधीच्या कागदात. गाव त्याआधी काही दशकं वसलं असणार, पण दप्तरात आलं ते देणं लागलं तेव्हा.

ही माणसं आली कुठून? बाराव्या शतकाच्या मध्याला हंगेरीचा राजा दुसरा गेझा याने राज्याच्या पूर्व सीमेवर वस्ती करायला पश्चिमेकडून शेतकरी आणि कारागीर बोलावले. सीमा राखायची होती, जंगल तोडून जमीन लागवडीला आणायची होती. आलेले लोक बहुतेक ऱ्हाइन आणि मोझेल नद्यांच्या पट्ट्यातले, लक्झेंबर्गच्या बाजूचे. त्यांची बोली आजही लक्झेंबर्गच्या भाषेला जवळची. सॅक्सनीशी त्यांचा फारसा संबंध नाही. राजाच्या कारकुनांनी लॅटिन दप्तरात ‘साक्सोनेस’ लिहिलं आणि ते कायमचं चिकटलं. कारकुनाने टाकलेलं नाव आठशे वर्षं टिकतं, हे वाचून आपल्याकडच्या पुष्कळ आडनावांना बरं वाटेल.

१२२४मध्ये राजा दुसरा आंद्रे याने सिबियू भागातल्या वसाहतवाल्यांना सनद दिली. तिला सोनेरी सनद म्हणतात. तिच्यातल्या अटी मुद्देसूद आहेत. आपला न्यायाधीश आणि आपला पाद्री तुम्ही स्वतः निवडा. मध्ये कुणी सरदार-जहागीरदार नाही, थेट राजाचे रयत. बदल्यात दरवर्षी ५०० मार्क (तेव्हाचं वजनाचं माप) चांदी, आणि राजा राज्याच्या हद्दीत लढत असेल तर ५०० शिपाई. मेदियाशकडच्या गावांना, म्हणजे ब्येर्तानला, या हक्कांत वाटा मिळाला तो पुढच्या शतकात.

युरोपात ठिकठिकाणी शेतकरी जमिनीला बांधलेले असताना इथला शेतकरी मोकळा होता. गावातून फिरताना अजून ते दिसतं. रस्त्याला भिडलेली भक्कम दगडी घरं, एकमेकांना खेटून, प्रत्येकाला मोठा दरवाजा, आत लांबट अंगण, मागे धान्याची कोठी, त्यामागे बाग. वाडा एकाही सरदाराचा नाही. गावातली एकच इमारत सगळ्यांच्या डोक्यावर उभी आहे, आणि ती सगळ्यांची होती.

देवळाचा किल्ला

ती इमारत म्हणजे टेकडीवरचं चर्च. पंधराव्या शतकाच्या शेवटी ते बांधायला घेतलं आणि १५२०च्या दशकात पुरं झालं. भोवती तटबंदी, एकीत एक अशी तीन वेढ्यांची, मध्ये बुरूज. तुर्कांच्या स्वाऱ्या वारंवार होत होत्या. शहरांना तट होते, सरदारांना गढ्या होत्या. सॅक्सन खेड्यांकडे दोन्ही नव्हतं, म्हणून त्यांनी चर्चच लढाऊ करून टाकलं. स्वारीची खबर आली की गुरं, धान्य, म्हातारी माणसं, सगळं आत. दक्षिण ट्रान्सिल्व्हेनियात अशी दीडशेच्या आसपास तटबंद चर्चं अजून उभी आहेत. अनेक ठिकाणी एक बुरूज नुसता डुकराच्या खारवलेल्या मांसासाठी राखलेला असे, प्रत्येक घराचा तुकडा खूण करून टांगलेला. वेढा नसतानाही ही पद्धत चालू राहिली, कारण जाड भिंतींत थंडावा असतो.

ब्येर्तानच्या चर्चमध्ये एक दार आहे. मुख्य वेदीच्या बाजूला पूजासाहित्य आणि मौल्यवान वस्तू ठेवायची खोली, तिचं. १५१५ साली केलेलं, वेगवेगळ्या रंगाचं लाकूड बसवून सजवलेलं. बाहेरून बघाल तर सुबक सुतारकाम. आतल्या अंगाला मात्र लोखंडाचं जाळं. एक किल्ली फिरवली की चारी दिशांना एकदम अडसर सरकतात, डझनाहून जास्त. आजच्या बँकेच्या तिजोरीचं तत्त्व, पाचशे वर्षांपूर्वी, खेड्यात. पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात हे कुलूप मांडलं होतं. खेडं किती श्रीमंत होतं याचा मला तरी याहून चांगला पुरावा वाटत नाही. राखण्यासारखं काही असल्याशिवाय कुणी असं कुलूप करत नाही.

पैसा आला द्राक्षांतून. तिर्नावा नदीच्या खोऱ्यातल्या टेकड्यांना जर्मन लोक वाइनचा मुलूखच म्हणत. १४१८मध्ये राजा झिगिस्मुंडने ब्येर्तानला बाजारपेठेचा हक्क दिला, सोबत देहदंड देण्याचा अधिकारही. बाजार आणि फाशी हे दोन्ही हक्क हाती आले की खेडं शहर व्हायची स्वप्नं बघू लागतं. ब्येर्तानची मेदियाशशी दीर्घकाळ चुरस होती, भागाचं मुख्य ठाणं कुठलं यावरून. सोळाव्या शतकाच्या मध्याला मेदियाश जिंकलं. मेदियाश शहर झालं, ब्येर्तान राहिलं खेडं.

याच काळातला एक आकडा पुष्कळदा सांगितला जातो, की १५१० साली ब्येर्तानात पाच हजार लोक राहत होते. मला तो पटत नाही. त्या काळी डोकी मोजत नसत, चुली मोजत, कारण कर चुलीवर होता. चुलींना सरासरी किती माणसं धरायची हे पुढच्या अभ्यासकाने ठरवायचं. चार धरली तर एक उत्तर, सात धरली तर दुसरं. गाव तेव्हा भरभराटीत होतं एवढं नक्की. त्यापलीकडचा पाच हजारांचा आकडा गुणाकारातून आलेला असण्याची शक्यता फार.

मग धर्म बदलला. सोळाव्या शतकाच्या मध्याला सॅक्सन लोक घाऊक लूथरपंथी, म्हणजे प्रॉटेस्टंट, झाले. १५७२मध्ये ब्येर्तानचे पाद्री लुकास उंगलेरुस बिशप म्हणून निवडून आले आणि त्यांनी आपला मुक्काम हलवला नाही. त्यामुळे १८६७पर्यंत, जवळजवळ तीनशे वर्षं, ट्रान्सिल्व्हेनियातल्या सगळ्या सॅक्सनांचं धर्मपीठ या खेड्यात होतं. गंमत म्हणजे तटातला एक बुरूज जुन्या पंथाला चिकटून राहिलेल्या कॅथलिकांना प्रार्थनेसाठी ठेवला होता. तो अजून कॅथलिकांचा बुरूज म्हणूनच ओळखला जातो, आत जुनी भित्तिचित्रं आहेत.

बिशप गावात, म्हणून घटस्फोटाचे खटलेही गावात. लूथरपंथात घटस्फोट अशक्य नव्हता, पण सहजही नव्हता. तटातल्या एका खोलीत भांडणाऱ्या जोडप्याला कोंडत. एक बिछाना, एक टेबल, एक ताट, एकच चमचा. तीनशे वर्षांत फक्त एक जोडपं शेवटपर्यंत अडून बसलं, असं तिथले गाइड सांगतात. हा आकडासुद्धा जपूनच घ्यावा. मिटलेल्या भांडणांत बाईने किती आणि बुवाने किती सोसलं, याची नोंद कुणी ठेवली नाही.

ज्यांना मोजलं नाही ते

इथवरची गोष्ट सॅक्सनांची आहे, कारण कागद त्यांचे आहेत. पण गावात आणि गावाभोवती रोमानियन होते, मेंढपाळ, शेतमजूर, गुराखी. रोमा लोक, म्हणजे पूर्वी ज्यांना जिप्सी म्हणत ते, होते, लोहार, विटा पाडणारे, वाजंत्री. त्यांची घरं बहुधा गावाच्या कडेला किंवा चढावर असत.

मध्ययुगीन ट्रान्सिल्व्हेनियात ‘राष्ट्र’ म्हणजे लोकसमूह नव्हे, हक्कदारांचा गट. १४३७च्या शेतकरी उठावानंतर हंगेरियन सरदार, सेकेलर (सीमा राखणारा हंगेरियनभाषक समाज) आणि सॅक्सन या तिघांनी एकमेकांना साथ द्यायचा करार केला. रोमानियन त्यात नव्हते. पुढे राज्यमान्य धर्म चार ठरले: कॅथलिक, लूथरपंथी, कॅल्विनपंथी आणि युनिटेरियन. रोमानियनांचा ऑर्थोडॉक्स पंथ चालवून घेतला जाई, मान्य नव्हता. संख्येने मोठा असलेला समाज कायद्याच्या दृष्टीने हिशेबात नव्हता. १७८१मध्ये सम्राट दुसऱ्या योसेफने फर्मान काढलं की सॅक्सनांच्या राजभूमीवर, म्हणजे सनदेने त्यांना राखून दिलेल्या मुलखात, इतरांनाही घर-जमीन घेता येईल. सॅक्सन पुढारी खवळले. त्यांच्या दृष्टीने सनद मोडली, रोमानियनांच्या दृष्टीने शतकांची अडवणूक संपायला सुरुवात झाली.

‘इथे आधी कोण होतं’ हा वाद याच काळापासून तापत गेला, आणि त्यातला एक पुरावा नेमका ब्येर्तानच्या जंगलात सापडलेला आहे. १७७५मध्ये गावाजवळ चौथ्या शतकातली ब्राँझची एक वस्तू मिळाली. जाळीदार कोरीवकाम, ख्रिस्ताची आद्याक्षरं, आणि लॅटिन ओळ: ‘एगो झेनोवियुस वोतुम पोसुई’. मराठीत सांगायचं तर ‘मी झेनोवियसने नवसाचं हे अर्पण केलं’. रोमन फौजा हा प्रांत तिसऱ्या शतकात सोडून गेल्या. त्यानंतर शंभर वर्षांनी इथे लॅटिनमध्ये नवस फेडणारा ख्रिस्ती माणूस असेल, तर लॅटिन बोलणारे लोक मागे राहिले होते, आणि रोमानियन त्यांचेच वंशज, असा युक्तिवाद. दुसरी बाजू म्हणते, वस्तू उचलून कुठूनही आणता येते. व्यापारी आणतो, लुटारूही आणतो. ती वस्तू आता सिबियूच्या ब्रुकेंथाल संग्रहालयात आहे. झेनोवियसला काय पावलं होतं, हे या सगळ्यात कुणी विचारत नाही.

एकोणिसाव्या शतकात मोजणी आधुनिक झाली. ऑस्ट्रियाने १८५०च्या सुमारास, पुढे हंगेरीने दर दहा वर्षांनी. हंगेरीचे अधिकारी मातृभाषा विचारत, कारण हंगेरियन बोलणारे जास्त दिसावेत हा सरकारचा हेतू होता. १९३०मध्ये रोमानियाने मातृभाषेसोबत वंशही विचारला, कारण नव्या मोठ्या झालेल्या देशाला कोण आपला आणि कोण परका हे पाहायचं होतं. तोच माणूस एका मोजणीत हंगेरियन आणि पुढच्या मोजणीत ज्यू किंवा रोमा होऊ शकत होता, घर न बदलता.

शतकाच्या शेवटी फिलॉक्सेरा नावाच्या किडीने युरोपभर द्राक्षाची मुळं खाल्ली. इथलेही मळे गेले. पुष्कळ सॅक्सन अमेरिकेला, ओहायोतल्या पोलाद कारखान्यांत गेले. पुढे जे झालं त्याच्या मानाने ही गळती किरकोळ.

यादीत नाव आलं की

१ डिसेंबर १९१८ला ट्रान्सिल्व्हेनियातल्या रोमानियनांनी आल्बा युलियाला सभा भरवून रोमानियात सामील व्हायचं ठरवलं. महिन्याभराने, जानेवारी १९१९मध्ये, सॅक्सनांनी मेदियाशला बैठक घेऊन त्याला पाठिंबा दिला. १९२१च्या जमीन सुधारणेत चर्चच्या आणि समाजाच्या सामाईक जमिनी गेल्या, त्यांच्यावर चालणाऱ्या शाळा अडचणीत आल्या. तरी १९३०मध्ये गाव भरलेलं होतं. बरोबरीने उभं होतं ते त्यांचं ‘नाखबारशाफ्ट’, शेजारमंडळ. एका गल्लीतली घरं एका मंडळात. विहीर साफ करायची, आग विझवायची, नव्या घराला हात लावायचा, कुणी गेलं तर खड्डा खणायचा. निरोप द्यायचा तर लाकडी पाटी एका घरातून पुढच्या घरात जायची. पाटी आपल्या घरी अडकवून ठेवली तर दंड.

१९४२मध्ये, दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने असलेला हुकूमशहा आन्तोनेस्कू याच्या सरकारने सुमारे २५ हजार रोमा लोकांना नीस्टर नदीपलीकडे हाकललं, त्यातले निम्म्याच्या आसपास भुकेने आणि आजाराने मेले. १९४३मध्ये रोमानियाने हिटलरशी करार केला आणि देशातले जर्मनवंशीय तरुण जर्मनीच्या एसएस या नाझी लष्करी दलात भरती झाले. कुणी उत्साहाने, कुणी गावाच्या दबावाने. ऑगस्ट १९४४मध्ये रोमानियाने बाजू बदलली. मग ती १९३०ची आणि नंतरची मोजणी, त्यातला तो वंशाचा रकाना, हे सगळं दुसऱ्याच कामाला आलं.

जानेवारी १९४५. सोव्हिएत फौजेच्या हुकमावरून जर्मनवंशीयांच्या याद्या निघाल्या. पुरुष १७ ते ४५, बाया १८ ते ३०. रोमानियातून सुमारे ७० हजार माणसं मालगाडीच्या डब्यांतून दोनबासच्या (आजच्या पूर्व युक्रेनमधल्या) कोळसा खाणींकडे रवाना झाली. त्यातले साधारण तीस हजार ट्रान्सिल्व्हेनियाचे सॅक्सन. गावात मागे उरली म्हातारी माणसं आणि आई नसलेली मुलं. बहुतेकांना १९४९पर्यंत सोडलं, हजारो परतलेच नाहीत. दरम्यान मार्च १९४५च्या कायद्याने जर्मनांची शेती काढून घेतली होती. परतलेला माणूस आपल्याच घरात एका खोलीत भाडेकरूसारखा राहिला. घरं पुढे काही वर्षांनी परत मिळाली, शेती मिळाली नाही. १९६२पर्यंत देशातली बहुतेक सगळी शेती सामुदायिक झाली, त्यात रोमानियन शेतकऱ्याचीही गेली.

मेदियाशच्या पलीकडे कोप्शा मिका हे कारखान्यांचं शहर आहे. कोप्शा मारे म्हणजे मोठं कोप्शा, कोप्शा मिका म्हणजे छोटं. काजळीच्या कारखान्याने तिथली झाडं, मेंढ्या, धुणी सगळं काळं केलं, आणि ते युरोपातल्या सर्वांत प्रदूषित ठिकाणांत गणलं गेलं. नाव छोटं असलेलं फुगलं, मोठं असलेलं खेडंच राहिलं. तरुण तिकडे आणि मेदियाशच्या कारखान्यांत कामाला जाऊ लागले.

१९६६मध्ये देशाचा कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कू याने गर्भपातावर बंदी घातली. त्याला राष्ट्र मोठं करायचं होतं. वर्षभरात देशातले जन्म २ लाख ७४ हजारांवरून ५ लाख २८ हजारांवर गेले. एकीकडे माणसं वाढवायचा हुकूम आणि दुसरीकडे माणसं विकण्याचा धंदा. पश्चिम जर्मनी गुप्तपणे डोईमागे पैसे मोजून जर्मनवंशीयांना सोडवून नेत होती. १९७८मध्ये चान्सलर हेल्मुट श्मिट बुखारेस्टला आले आणि दर ठरला, माणशी सुमारे ५ हजार मार्क. पुढे तो ८,९५०पर्यंत चढला. १९६७ ते १९८९ या काळात सव्वादोन लाखांहून जास्त लोक असे गेले. जाणाऱ्याला घर बरोबर नेता येत नाही आणि विकताही येत नव्हतं. १९७४च्या हुकमाने ते सरकारजमा होई, मग सरकार ते दुसऱ्या कुटुंबाला देई.

१३व्या शतकात शिपाई आणि चांदी, २०व्या शतकात मार्क. डोकी मोजणं तेच, फक्त आता पैसे आत येत होते आणि माणूस बाहेर जात होता.

डिसेंबर १९८९मध्ये चाउशेस्कू पडला. दारं उघडली आणि १९९० या एका वर्षात १ लाख ११ हजार जर्मनवंशीय देश सोडून गेले. ज्यांनी खाणी सोसल्या, जप्ती सोसली, ते मोकळीक मिळाल्यावर का गेले? मला वाटतं, शेजारमंडळाचं गणित बघितलं की उत्तर मिळतं. खड्डा खणायला चार माणसं लागतात. गल्लीत दोनच उरली की त्या दोघांनाही राहणं अवघड होतं. शाळेत मुलं नाहीत म्हणून शिक्षक गेला, शिक्षक नाही म्हणून उरलेली मुलं गेली. १९३०मध्ये रोमानियात ७ लाख ४५ हजार जर्मन होते. १९७७मध्ये ३ लाख ५९ हजार. १९९२मध्ये १ लाख १९ हजार. २०२१च्या मोजणीत २२,९०७. याच ओसरत्या समाजातला सिबियूचा माणूस, क्लाउस योहानिस, २०१४ ते २०२५ देशाचा राष्ट्राध्यक्ष होता, आणि त्याला निवडून दिलं रोमानियनांनी.

आज गावात कोण

आज कोम्यूनमध्ये बहुसंख्य रोमानियन आहेत, त्यांच्याखालोखाल रोमा, शिवाय थोडे हंगेरियन आणि अगदी थोडे जर्मन. रोमांचा आकडा सर्वांत बेभरवशाचा. २०२१च्या मोजणीत देशभरात ५ लाख ६९ हजार जणांनी आपण रोमा असल्याचं सांगितलं. खरी संख्या याहून बरीच मोठी आहे हे सगळे मान्य करतात. ज्या यादीत नाव आल्यावर आजोबांना नदीपलीकडे हाकललं, त्या यादीत नातू आपणहून कसा नाव घालेल? त्या मोजणीत देशातल्या सुमारे १३ टक्के लोकांच्या वंशाची नोंदच नाही. माणसं परदेशी होती, भेटली नाहीत, किंवा त्यांनी सांगायचं टाळलं. एका कोम्यूनची टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंत छापलेली दिसते, तेव्हा हा रिकामा रकाना लक्षात ठेवावा.

ब्येर्तानचं चर्च १९९३मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, १९९९मध्ये आणखी सहा गावं जोडली गेली. त्यामुळे पर्यटक येतात, चौकात खानावळी आहेत. रिकिशच्या चर्चमध्ये दगडात कोरलेले, तोंडातून पानं फुटलेले चेहरे बघायला लोक वाट वाकडी करतात. तरी पर्यटनावर पोट भरणारी घरं थोडी. २००७मध्ये रोमानिया युरोपीय संघात गेला आणि उरलेल्यांचीही रीघ लागली, इटली, स्पेन, जर्मनी. १९९२मध्ये देशाची लोकसंख्या २ कोटी २८ लाख होती, २०२१मध्ये १ कोटी ९० लाख.

१९९०नंतर बरीच वर्षं सप्टेंबरात ब्येर्तानला सॅक्सनांचा मेळावा भरे. चर्च भरे, बँड वाजे, जुनी वेशभूषा पेटीतून निघे. काहींनी आपली किंवा आजोबांची घरं परत घेऊन दुरुस्त केली आहेत. मे-जूनमध्ये येतात, थंडी पडली की जातात. त्यांना तिथे उन्हाळी सॅक्सन म्हणतात. शिरगणतीचा नियम असा की वर्षभर जिथे राहता तिथे मोजले जाता. त्यामुळे उन्हाळी सॅक्सन जर्मनीत मोजला जातो. त्याच्या जुन्या घरात वाढलेला रोमानियन किंवा रोमा पोरगाही बांधकामावर नाहीतर गोदामात काम करत बहुधा जर्मनीतच असतो, तोही तिकडेच मोजला जातो. ऑगस्टमध्ये सुटीला तो पोरगाही येतो आणि दोघं एकाच दरवाजासमोर गाड्या लावतात.